‘इंदियो’ आणि ‘पेरुआनो’ : सान मार्तीनच्या एका हुकूमनाम्याचा वारसा

होसे दे सान मार्तीन (१७७८–१८५०) याची ख्याती मुख्यतः सेनापती म्हणून आहे. १८१७ च्या प्रारंभी त्याने अँडीज पर्वत ओलांडून चिलीत सैन्य नेले; चाकाबुको (१८१७) व मायपू (१८१८) येथील विजयांनी त्या देशाचे स्वातंत्र्य निश्चित केले; आणि १८२० मध्ये समुद्रमार्गे पेरूत उतरून २८ जुलै १८२१ रोजी लीमा येथे पेरूच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. त्यानंतर ‘पेरूचा संरक्षक’ या पदावरून सुमारे एक वर्ष त्याने राज्यकारभार पाहिला. भाषेच्या अभ्यासकाला या एका वर्षातील एक हुकूमनामा त्याच्या सर्व लढायांहून अधिक विचारणीय वाटावा असा आहे.

२७ ऑगस्ट १८२१ च्या या हुकूमनाम्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की, मूळ रहिवाशांकडून स्पॅनिश राजवट घेत असलेला ‘त्रिबुतो’ हा दरडोई कर रद्द करण्यात आला. दुसरी अशी की, या लोकांना यापुढे ‘इंदियो’ अथवा ‘नातुराल’ म्हणू नये; ते पेरूचे पुत्र व नागरिक असून त्यांना ‘पेरुआनो’ याच नावाने ओळखावे, असे फर्माविण्यात आले. राज्यसत्तेने आज्ञा करून एका लोकसमूहाचे नाव बदलावे, याचे हे एक ठळक उदाहरण होय. अशा आज्ञेने नेमके काय बदलते व काय बदलत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘इंदियो’ या शब्दाचा अर्थ पाहू. कोलंबसाच्या भौगोलिक भ्रमातून हा शब्द निघाला, हे सर्वश्रुत आहे. केचुआ, आयमारा इत्यादी भिन्न भाषा बोलणारे भिन्न समाज त्याने एका नावाखाली आणले. परंतु वसाहतीच्या कायद्यात हा शब्द केवळ वंशवाचक नव्हता. करनोंदवहीत ज्याचे नाव ‘इंदियो’ म्हणून लिहिले गेले, तो साधारणतः वयाच्या १८ ते ५० वर्षांपर्यंत कर देण्यास बांधलेला असे. खाणींतील ‘मिता’ या वेठीचा भारही याच वर्गावर पडे. उलटपक्षी, त्याच नोंदीच्या बळावर त्याला गावसमूहाच्या सामाईक जमिनीत वाटा मिळे व न्यायालयात विशेष संरक्षण मागता येई. म्हणजे हे नाव एकाच वेळी ओझे होते आणि हक्काचा दाखलाही होते. शब्दाचा खरा अर्थ शब्दकोशात नसून करनोंदवहीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे सान मार्तीनने कर व नाव यांचा निर्णय एकाच हुकूमनाम्यात का केला, याचा उलगडा होतो. नाव हे कराचे चिन्ह आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, त्याने मिता व वेठीचे इतर प्रकारही रद्द केले. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास येथे जागा नाही.

तथापि, परिणाम हेतूच्या मागे राहिला. त्याची कारणे तीन.

पहिले कारण सत्तेच्या व्याप्तीचे. ज्यांचे नाव बदलले, त्यांतील बहुसंख्य लोक डोंगराळ प्रदेशात राहत होते. आणि त्या प्रदेशाचा मोठा भाग डिसेंबर १८२४ मधील आयाकुचोच्या लढाईपर्यंत स्पॅनिश सैन्याच्या ताब्यात होता. १८२१ च्या अखेरीपासून व्हाइसरॉयचे ठाणे कुस्को येथे होते व तेथे जुना कर चालूच होता. आज्ञा देणारा लीमात आणि आज्ञेचा विषय झालेला समाज तिच्या कक्षेबाहेर, अशी ही स्थिती होती. विशिष्ट अधिकार व विशिष्ट परिस्थिती असल्यावाचून उच्चाराने कृती घडत नाही, हे जे. एल. ऑस्टिनने दाखविलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

दुसरे कारण रूढीचे. सान मार्तीनने २० सप्टेंबर १८२२ रोजी पेरूच्या संविधानसभेपुढे सत्तात्याग केला. पुढच्याच महिन्यात त्याच सभेने डोंगराळ प्रांतांतील लोकांना उद्देशून बंधुभावाचे एक आवाहन काढले; पण त्याच्या मथळ्यातच ‘इंदियो’ हा शब्द होता. रूढी ही यौगिक अर्थाहून बलवत्तर असते, असे आपले शास्त्रकार सांगत आले आहेत. येथे ती हुकूमनाम्याहूनही बलवत्तर ठरली.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. युद्धाने रिकाम्या झालेल्या तिजोरीला त्या कराची गरज होती. १८२६ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, मात्र ‘त्रिबुतो’ या नावाने नव्हे, तर ‘मूळ रहिवाशांचे अंशदान’ या नावाने. सरकारी भाषेत ‘इंदियो’ची जागा बव्हंशी ‘इंदिहेना’ या सौम्य शब्दाने घेतली. कर राहिला, त्याचे नाव बदलले. सान मार्तीनला जे अभिप्रेत होते, त्याच्या नेमके उलट हे झाले. पुढे १८५४ मध्ये रामोन कास्तिया याने हा कर रद्द केला. त्या वेळी ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, याच्या निर्यातीतून सरकारला भरपूर उत्पन्न मिळत होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

येथे एक अधिक गंभीर प्रश्न उद्भवतो. नावाबरोबर त्याला जोडलेले हक्कही गेले, तर काय? ‘पेरुआनो’ हा शब्द सर्वांना समान लेखतो. परंतु सामाईक जमिनीवरील दावा त्या शब्दातून निघत नाही. १८२४ मध्ये बोलीव्हारने सामाईक जमिनी व्यक्तिशः वाटून देण्याचा आदेश काढला. पुढील शंभर वर्षांत अशा पुष्कळ जमिनी मोठ्या जमीनदारांच्या हाती गेल्या. पुढे १९२० च्या संविधानाने गावसमूहांना कायदेशीर मान्यता दिली, ती ‘इंदिहेनांचे समूह’ या नावाखाली. हक्क परत मिळविण्यासाठी वेगळेपणाचे नाव परत घ्यावे लागले.

नागरिकत्वाच्या बाबतीत भाषा हाच अडसर ठरला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात केचुआत जाहीरनामे काढले गेले होते. पण राज्य स्थापन झाल्यावर त्याचा कारभार स्पॅनिशमध्येच चालला. १८९६ च्या निवडणूक कायद्यानंतर निरक्षरांना मताधिकार उरला नाही, आणि साक्षरता म्हणजे व्यवहारात स्पॅनिशची साक्षरता. १९७९ च्या संविधानाने ही अट काढली. मध्यंतरी हुआन वेलास्को आल्वारादो याच्या लष्करी सरकारने १९६९ च्या जमीनसुधारणेबरोबर ‘इंदिहेना’ऐवजी ‘काम्पेसिनो’, म्हणजे शेतकरी, हा शब्द रूढ केला व १९७५ मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा दिला. या वेळी नामांतराबरोबर जमीनही हातात आली, म्हणून तो शब्द टिकला. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख लोकांनी केचुआ ही आपली मातृभाषा नोंदविली.

मग सान मार्तीनच्या हुकूमनाम्याचा वारसा कोणता? तो निष्फळ झाला, असे म्हणणे उथळपणाचे होईल. या लोकांना नागरिक म्हणणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे त्याने लेखी मान्य केले. आणि पुढच्या प्रत्येक राजवटीचे वर्तन त्या लेखी वचनाशी ताडून पाहता येऊ लागले. उणीव अशी की, नवे नाव वरून दिले गेले. ते ज्यांना दिले, त्यांना विचारले गेले नाही. म्हणून कोणत्याही नामांतराचा अभ्यास करताना केवळ जुना व नवा शब्द यांची तुलना पुरेशी नाही. तो शब्द कोणत्या नोंदवहीत लिहिला जातो, त्याने कोणते ओझे येते, कोणता हक्क मिळतो, आणि तो कोणाच्या भाषेत उच्चारला जातो, या चार गोष्टी तपासल्याविना त्याचा अर्थ निश्चित करता येणार नाही.