गळती पेशीतली, प्राण बाळाचे

तान्ह्या बाळाला जुलाब लागले की घरात कारणांची यादी तयार होते. दात येताहेत, दूध बाधले, पाणी बदलले, कुणाची तरी दृष्ट लागली. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते, वडील औषधाच्या दुकानातून जुलाब ‘बांधणारी’ बाटली आणतात आणि शेजारीण बजावून जाते, ‘पाणी देऊ नका हो, आणखी पातळ होईल!’ हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. पण लहान मुलांच्या जोरदार जुलाबांचे मूळ पुष्कळदा यांपैकी कशातच नसते. ते असते डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या एका पडद्याच्या गळतीत.

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. ‘पेशीपटल’ हा धडा आला की वर्गात जांभयांची साथ पसरे. आणि तरी, एवढ्या कामाचा धडा त्या पुस्तकात दुसरा नव्हता असे मला आजही वाटते. पेशीपटल म्हणजे मेदाचा दुपदरी पापुद्रा. जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. त्यात प्रथिनांचे दरवाजे बसवलेले असतात आणि कोणी आत यायचे, कोणी बाहेर जायचे, हे ते ठरवतात. पेशीच्या पोटातही असेच पडदे असतात. त्यांपैकी आंतर्द्रव्यजालिका नावाच्या घड्याघड्यांच्या पिशवीत पेशी आपले कॅल्शियम साठवून ठेवते. पिशवीबाहेर, पेशीरसात, कॅल्शियम अगदी नाममात्र असते. पिशवीत ते हजारो पटींनी जास्त असते. कारण कॅल्शियम हा पेशीचा इशारा आहे. ते थोडे जरी बाहेर सुटले, तरी पेशी कामाला लागते.

हीच पिशवी फोडणारा एक विषाणू आहे. सन १९७३ मध्ये मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींमध्ये त्यांना चाकासारखे दिसणारे कण आढळले. लॅटिनमध्ये चाकाला ‘रोटा’ म्हणतात. म्हणून हा रोटाविषाणू. तोवर मुलांच्या अशा बहुतेक जुलाबांचे कारणच हाती लागत नसे.

हा पाहुणा आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाकडच्या पेशींत शिरतो आणि त्यांच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिने बनवून घेतो. त्यांपैकी एकाचे नाव एनएसपी-४. लांबी अवघी १७५ अमिनो आम्लांची. हे प्रथिन त्या कॅल्शियमच्या पिशवीच्या पडद्यात जाऊन रुतून बसते आणि दोन कामे करते. पहिले काम हमालीचे. अर्धवट तयार झालेले विषाणूचे कण ते पडद्याशी धरते आणि आत ओढून घेते. आत जाताना कणाभोवती पडद्याचाच तात्पुरता अभ्रा चढतो. पुढे तो गळून पडतो आणि विषाणूचे खरे बाहेरचे कवच बसते. दुसरे काम भोक पाडण्याचे. पडद्यात ते छिद्र तयार करते आणि कॅल्शियम झिरपू लागते. विषाणूला यात स्वार्थ आहे. त्याच्या बाहेरच्या कवचाचे तुकडे एकत्र राहायला कॅल्शियमच लागते. आपला अंगरखा शिवून घेण्यासाठी तो यजमानाचे कोठार फोडतो.

या एकट्या प्रथिनाची ताकद किती, हे १९९६ साली कळले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात ज्युडिथ बॉल, मेरी एस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांना विषाणू न देता नुसते एनएसपी-४ दिले. पिल्लांना जुलाब झाले. पटकीच्या जंतूचे विष असते हे माहीत होते; पण विषाणूचे प्रथिनही आतड्याचे विष ठरते, हे तेव्हा प्रथमच दिसले. हे प्रथिन बाधित पेशीतून बाहेर पडून निरोगी शेजाऱ्यांनाही छेडते. २०२० साली तिथल्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बाधित पेशी एडीपी नावाचा रेणू सोडते आणि त्याच्या इशाऱ्याने आसपासच्या पेशींत कॅल्शियमच्या लाटा उठतात. कॅल्शियम वाढले की क्लोराइडचे दरवाजे उघडतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतले जाते, त्यामागे सोडियम जाते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी.

सात किलोच्या बाळाने सातशे मिलिलिटर पाणी गमावले, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला. ही जिवावरची अवस्था असते. टाळू खोल जाते, डोळे आत ओढले जातात, रडताना पाणी येत नाही, लघवी थांबते, मूल मलूल पडते. अशा वेळी घरी न थांबता दवाखाना गाठायलाच हवा.

मात्र त्याआधी आपल्या हातात बरेच असते. त्याचे श्रेयही पेशीपटलालाच जाते. तिथे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारा एक दरवाजा असतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग येथे मांडली. आजार असतानाही आतड्याच्या पुष्कळ पेशींत हा दरवाजा चालू राहतो. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात दिली की ती त्यातून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. हे नाव सार्थ आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुलाबात पाणी कधीही बंद करू नये. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूड विरघळवावी आणि चमच्याचमच्याने देत राहावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. फार गोड सरबते टाळावीत, कारण जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढून आणते. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. आणि जुलाब ‘बांधणारी’ औषधे लहानग्यांना धोक्याची ठरू शकतात. डॉक्टर झिंक देतील, ते मूल बरे वाटले तरी चौदा दिवस पुरे करावे.

आता लसही आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांत रोटाविषाणू सापडला, पण बाळे ठणठणीत होती. डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी त्या सौम्य विषाणूचा माग घेतला आणि त्यातून पहिली भारतीय रोटा लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही आपली वेगळी लस बनवली. २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरुवात होऊन ही लस देशाच्या सरकारी कार्यक्रमात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे देतात. सरकारी केंद्रात तिला पैसे पडत नाहीत. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, पण गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते.

घरात तान्हे बाळ असेल, तर आज रविवारच्या सवडीने दोन कामे करा. लसीच्या कार्डावर या तीन तारखा भरल्या आहेत का ते पाहा, आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे आणून फडताळात हाताशी ठेवा. जुलाब पुष्कळदा रात्रीच सुरू होतात, आणि तेव्हा दुकाने बंद असतात.