शिक्षा संपते तरी कधी?
(द्वितीय वर्ष कला)

‘व्यसनी’ हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! एखाद्याच्या नावाला तो एकदा चिकटला की त्या माणसाचे बाकीचे सारे गुण पुसले जातात. मात्र तोच माणूस नामवंत कलावंत असला तर त्याच्या व्यसनाच्या कथा आपण चवीने सांगतो. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी गेले. मद्याने त्यांची प्रकृती पोखरली होती. तरीही त्यांच्या पिण्याविषयी बोलताना आजही लोकांच्या स्वरात कौतुकच अधिक असते. गरिबाच्या वाट्याला तिरस्कार आणि कलावंताच्या वाट्याला कौतुक. पण दोघेही आजारी आहेत ही साधी गोष्ट दोन्हीकडे विसरली जाते.

या विषयावर लिहावे असे मला वाटले ते माझ्या मामामुळे. थोरला मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. वरात देवळापाशी आली की लोक त्याला पुढे ओढत, फर्माईश करीत, त्याच्या सदऱ्याला नोटा टाचत. रात्रीचे दोन वाजले तरी त्याला सोडत नसत. मग नवरदेवाकडचीच मंडळी त्याला आडोशाला नेऊन हातात ग्लास देत. ‘घ्या मास्तर, दम टिकेल,’ म्हणत. दहाबारा वर्षांत तो ग्लास सकाळी उठल्याबरोबर लागू लागला. हात थरथरू लागले, सूर हुकू लागले. तेव्हा ज्यांनी ग्लास भरला होता त्यांनीच बँडमालकाला बजावले, ‘या दारुड्याला आमच्या लग्नात आणू नका.’

गेल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य शिकवताना बिली हॉलिडे या गायिकेचे नाव घेतले. मी ग्रंथालयात जाऊन तिच्याविषयी वाचले आणि मला राहून राहून मामाची आठवण येऊ लागली. वास्तविक कोठे ती जगप्रसिद्ध गायिका आणि कोठे आमच्या तालुक्यातला बँडवाला! परंतु दोघांना मिळालेला न्याय एकाच जातीचा होता.

बिली हॉलिडेचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फियात झाला. बालपण बाल्टिमोर शहरात, कमालीच्या दारिद्र्यात गेले. १९३३ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे ती जॅझ संगीतातील थोर गायिका गणली गेली. तरी वर्णद्वेषाने तिचा पिच्छा सोडला नाही. १९३८ साली गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदाबरोबर ती गात होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला माल चढविण्याच्या लिफ्टने वर जावे लागले. श्रोत्यांना तिचा आवाज हवा होता, पण तिच्या शेजारी उभे राहणे नको होते. १९३९ साली तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत गायिले. गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून ठार मारण्याच्या अमानुष प्रथेवरचे हे गीत एका शाळाशिक्षकाने लिहिले होते.

पुढे तिला हेरॉइनचे व्यसन लागले. हेरॉइन अफूपासून तयार होते. आपल्याकडे १९८० च्या दशकात ‘गर्द’ या नावाने पसरले ते हेरॉइनचेच अशुद्ध रूप होय. १९४७ साली बिलीला अटक झाली. तिने गुन्हा कबूल केला. तिला गरज होती उपचारांची. मिळाला एक वर्ष एक दिवसाचा तुरुंगवास. मार्च १९४८ मध्ये ती सुटली आणि काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिली. सभागृह तुडुंब भरले होते. येथे एखाद्याला वाटेल, चला, शिक्षा संपली!

पण खरी शिक्षा पुढेच होती. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये, जेथे मद्य विकले जाते अशा क्लबात काम करायचे तर पोलिसांनी दिलेले ‘कॅबरे कार्ड’ लागत असे. हा एक प्रकारचा परवानाच होता. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेल्यांना तो नाकारला जाई. थेलोनियस मंक या श्रेष्ठ पियानोवादकाचेही कार्ड १९५१ साली काढून घेतले गेले व ते त्याला १९५७ मध्ये परत मिळाले. बिलीला मात्र ते मरेपर्यंत मिळाले नाही. जॅझ त्या क्लबांतच जगत होते. म्हणजे मोठ्या सभागृहात वर्षातून कधीतरी तिचे गाणे ऐकायला कायद्याची हरकत नव्हती. पण रोज गाऊन पोट भरण्याची तिला मनाई होती. कामावाचून, ठरलेल्या दिनक्रमावाचून माणूस व्यसनाकडे परत वळला तर त्यात नवल ते काय? ही कार्डाची पद्धत १९६७ साली बंद झाली, पण तेव्हा बिली हयात नव्हती. मे १९५९ अखेर तिला अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात नेले. तेथे खाटेवरच तिला पुन्हा अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पोलीस बसले. १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ती गेली. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या चित्राचे तिकीट काढले. जिवंतपणी परवाना नाही आणि मेल्यावर तिकीट!

आता कोणी म्हणेल, व्यसन तिनेच लावून घेतले ना? हा प्रश्न मामाविषयीही मी शेकडो वेळा ऐकला आहे. पहिला घोट पुष्कळदा माणूस स्वतःच्या हाताने घेतो हे खरे. परंतु सवय आणि व्यसन यांत फरक आहे. मादक पदार्थ मेंदूतील सुखाची जाणीव देणाऱ्या यंत्रणेवर परिणाम करतो. हळूहळू मेंदू त्याला सरावतो, तेवढ्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा लागते. मग ती न मिळाल्यास शरीर बंड करते. हेरॉइन तुटले की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या होतात, झोप उडते. दारूच्या जुन्या व्यसनात ती एकाएकी थांबवली तर कंप सुटतो, भास होतात, क्वचित प्राणही जातो. म्हणूनच दारू सोडविणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे काम आहे. केवळ शपथा घालून ते होत नाही. या अवस्थेत माणूस मजेसाठी पीत नसतो, यातना टाळण्यासाठी पीत असतो. शरीर सुधारले तरी ओढ उरते, आणि पुन्हा घसरणे हा दुखण्याचाच भाग असतो. याचा अर्थ व्यसनी माणसाची काहीच जबाबदारी नाही, असा नव्हे. मामीने भोगले ते मी विसरलेलो नाही. पण जबाबदारी पेलायची तर आधी त्याला उभे राहता आले पाहिजे.

आपल्या देशाच्या कायद्यात ही जाणीव काही अंशी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारांत गणले आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्यामागे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानणारी जागा महाराष्ट्रात अशी उभी राहिली.

कायदा बदलतो, संस्था उभ्या राहतात. पण आपण बदलतो का? माझा मामा एका व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहिला. परत आला तो वाळलेला, पण निवळलेला. क्लॅरोनेट पुसून तो बँडमालकाकडे गेला. मालक म्हणाला, ‘वर्षभर जाऊ दे, मग बघू.’ दुसऱ्या बँडमध्येही तेच उत्तर मिळाले. मग तो बाजार समितीत पोती उचलू लागला. गावात त्याला कोणी रागाने बोलत नव्हते. पण वाकून चप्पल घालताना तोल गेला तरी लोक एकमेकांकडे बघून हसत.

आणि आता जे सांगायचे ते माझ्याविषयी. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रथम वर्षाच्या प्रवेशाला पैसे कमी पडले तेव्हा मामा हमालीचे पैसे घेऊन फाटकापाशी आला. अंगावर धान्याची धूळ होती, तोंडाला कसलाही वास नव्हता. ‘फी भरलीस का रे?’ एवढेच त्याने विचारले. मित्रांनी विचारले, ‘कोण रे ते?’ मी म्हणालो, ‘गावाकडचे ओळखीचे आहेत.’ मामाने ते ऐकले. तो काही बोलला नाही, नोटा माझ्या हातात देऊन एस.टी. स्टँडकडे निघून गेला. त्याला दारू सोडून तेव्हा आठ महिने झाले होते.

न्यूयॉर्कच्या पोलिसांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचे कार्ड निदान छापील तरी होते. आपण गावात, घरात, महाविद्यालयाच्या फाटकापाशी असे कितीतरी परवाने नाकारत असतो आणि त्याची नोंदही कोठे राहत नाही. व्यसन सोडलेल्या माणसाला आपले कौतुक नको असते, कीवही नको असते. त्याला काम हवे असते आणि ओळख हवी असते. ती देणे आपल्या हातात आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी मामाला वाचून दाखवला. फाटकाच्या प्रसंगापाशी माझा आवाज अडखळला. तो म्हणाला, ‘राहू दे ते. पोरगं होतास.’ येत्या लग्नसराईत एका लहान बँडने त्याला दोन लग्नांची सुपारी दिली आहे. त्यांतले एक लग्न आमच्या महाविद्यालयाजवळच आहे. मी त्या वरातीला जाणार आहे, मित्रांनाही नेणार आहे. आणि क्लॅरोनेट वाजवणारा कोण, असे कोणी विचारले तर या वेळी खरे उत्तर देणार आहे.