वस्तूंमधले आईबाप आणि लेकरे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण संगणकशास्त्रातला एक नियम मला घरच्या रेशनकार्डावरून चटकन समजला.

१९६० च्या दशकात नॉर्वेच्या डाल आणि निगार्ड यांनी ‘सिम्युला’ भाषेत ‘वस्तू’ आणली. म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र. एक वस्तू इतर वस्तू सांभाळते तेव्हा ती पालक, बाकीच्या अपत्ये. हा ‘वारसा’ नव्हे. वारसा वस्तूंच्या साच्यांमध्ये, म्हणजे क्लासमध्ये असतो.

पालकाकडे अपत्यांची यादी असते, अपत्याकडे पालकाचा दुवा. दोन्ही जुळले पाहिजेत. लग्न झालेल्या बहिणीचे नाव माहेरच्या कार्डातून न काढता सासरच्या कार्डात घातले, तर एक माणूस दोनदा मोजला जाईल. म्हणून ‘अपत्य जोड’ ही एकच क्रिया लिहावी. तिनेच जुन्या यादीतून नाव काढावे, नव्या यादीत घालावे आणि अपत्याचा दुवा बदलावा.

पायथॉनच्या नेहमीच्या आवृत्तीत वस्तूला कितीजण धरून आहेत हे मोजतात. आकडा शून्य झाला की तिची जागा मोकळी होते. पालक-अपत्यांनी एकमेकांना धरले तर तो शून्य होत नाही. २००० सालच्या पायथॉन २.० पासून अशी वर्तुळे शोधून साफ होतात, पण लगेच नव्हे. म्हणून जिथे जागा तत्काळ मोकळी व्हायला हवी, तिथे अपत्याने पालकाला मोजणीत न येणाऱ्या ‘दुबळ्या दुव्या’ने धरावे. मात्र पालक अजून आहे का, हे दर वेळी तपासावे.

नवशिक्यांनी आधी कागदावर बाण काढून पाहावेत, मगच आज्ञा लिहाव्यात.