छापील पुस्तक की ई-पुस्तक? केळापूरच्या वाचकांसाठी

पांढरकवड्यात किंवा तालुक्यातल्या एखाद्या गावात हवं ते मराठी पुस्तक लगेच हाती लागेलच असं नाही. म्हणून मोबाइलवर काय वाचावं आणि छापील काय घ्यावं, हे ठरवायला थोडी मदत.

📱 ई-पुस्तक कधी?

▪️ संदर्भासाठी. मराठी विश्वकोशाचे २० जाडजूड खंड घरात कुठे ठेवणार? संकेतस्थळावर त्यातल्या नोंदी मोफत वाचता येतात.

▪️ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ व ई साहित्य प्रतिष्ठान यांची अनेक पुस्तकं पीडीएफमध्ये विनामूल्य मिळतात.

▪️ जुन्या लेखकांसाठी. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर शक्यतो ईपब प्रकारची फाइल घ्या. अक्षर मोठं केलं तरी ओळी आपोआप पडद्यात बसतात. पीडीएफचं पान मात्र सारखं सरकवावं लागतं.

📖 छापील कधी?

▪️ लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, कवितासंग्रह आणि खुणा करत अभ्यासायची पुस्तकं.

▪️ जे दुसऱ्यांनाही वाचायला द्यायचं आहे ते. विकत घेतलेल्या बहुतेक ई-पुस्तकांत आपल्याला फक्त वाचण्याचा परवाना मिळतो, ते कुणाला देता किंवा विकता येत नाही. छापील प्रत मात्र घरोघरी फिरते.

माझा सल्ला: मोफत आहे ते मोबाइलवर वाचा, मनापासून आवडेल ते छापील विकत घ्या आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद नक्की व्हा. तुम्ही सध्या काय वाचताय?