ब्रेक लागतो, पण सायकल थांबते का?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पडवीत उन्हाळाभर धूळ खात उभी असलेली सायकल बाहेर निघते. बारामती, इंदापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर ती बहुधा थोरल्या भावंडाची जुनी, जाड टायरची ‘रेंजर’ असते. चाकांत हवा भरली, साखळीला तेल सोडले, की सायकल तयार! ब्रेककडे फारसे कोणी पाहत नाही. लिव्हर दाबल्यावर काहीतरी घासल्याचा आवाज येतो, तेवढ्यावर समाधान मानले जाते.

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाणारा पालखीमार्ग आता रुंद झाला आहे आणि त्यावरची वाहने वेगाने धावतात. कालव्याच्या पुलावरून उतरणारी मुले याच रस्त्याला येऊन मिळतात. पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. अशा ठिकाणी सायकल हवी तिथे थांबलीच पाहिजे.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. समोरचे पाहून बोटे ब्रेकवर येईपर्यंतच एक सेकंद जातो. त्यानंतरचे अंतर ब्रेकवर अवलंबून. ब्रेकची पकड निम्मी झाली, तर हे अंतर दुप्पट होते. वेग दुप्पट झाला, तर चौपट.

या सायकलींचे ब्रेक चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबून चालतात. चाकाची गती घर्षणाने उष्णतेत बदलते आणि चाक थांबते. रबर जुने झाले की कडक व गुळगुळीत होते. मग कितीही दाबले तरी ते सरकत राहते. ओल्या रिमवर पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत ब्रेक लागत नाही. स्टीलच्या चकचकीत रिमवर हा त्रास सर्वांत जास्त. चिखलातली बारीक वाळू रबरात रुतली, तर ती रिमच खरवडते.

दुरुस्ती अवघड नाही. आधी रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. रिमला किंवा ब्रेकच्या रबराला तेल कधीही लावू नये. ‘आवाज येतो’ म्हणून सोडलेला तेलाचा एक थेंब ब्रेक निकामी करू शकतो. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील, तर चारही रबरे बदलावीत. थोडेच गुळगुळीत झाले असेल, तर पॉलिश पेपरने घासून रुतलेले खडे काढावेत. तारेचा एखादा धागा तुटला असेल किंवा ती गंजून आत अडकत असेल, तर नवीच घालावी.

मग जुळणी. चाक डुगडुगत असेल, तर आधी मिस्त्रीकडून त्याचा आऊट काढून घ्यावा. वाकड्या चाकावर ब्रेक नीट बसतच नाही. रबर रिमच्या मधोमध टेकले पाहिजे. वर सरकले तर टायर कापते, खाली गेले तर स्पोकमध्ये अडकू शकते. रबर आणि रिम यांत दोन्ही बाजूंना एक ते दोन मिलिमीटर अंतर सारखे असावे. ब्रेक किंचाळत असेल, तर रबराचे पुढचे टोक रिमच्या किंचित जवळ ठेवावे. ज्यांना दुकानात ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात, त्यांत एक बाजू रिमला घासत राहिली, तर त्या बाजूचा छोटा स्क्रू थोडा आवळून स्प्रिंगचा ताण वाढवावा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकता कामा नये.

शेवटी चाचणी. सायकल हाताने पुढे ढकलत फक्त पुढचा ब्रेक दाबावा. मागचे चाक उचलू पाहिले पाहिजे. फक्त मागचा दाबला, तर मागचे चाक घसटत गेले पाहिजे. दोन्ही ब्रेक चालू हवेत, आणि ते एकत्र दाबण्याची सवय मुलांना लावावी. एकटा पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर मूल हँडलवरून पुढे फेकले जाते.

या पडण्यात एक धोका लपलेला असतो. हँडलचे टोक पोटात घुसते. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात, त्यामुळे मार थेट यकृत, प्लीहा, आतडे यांवर बसतो. स्वादुपिंड तर मणक्यावर दाबले जाऊन फाटू शकते. बाहेर मात्र नाण्याएवढा वळ दिसतो, किंवा तोही नाही. मूल उठून पुन्हा सायकल चालवू लागते आणि त्रास काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

म्हणून हँडल पोटाला लागले असेल, तर मुलाला रागवण्याआधी विचारपूस करावी. बोलणी बसतील या भीतीने मुले लपवतात. वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या, चेहरा फिका पडणे, धाप, लघवीतून रक्त किंवा डाव्या खांद्यात दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास खायला-प्यायला न देता सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पोट चोळणे, वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहणे टाळावे.

हँडलच्या टोकांवरची रबरी मूठ फाटून आतली नळी उघडी पडली असेल, तर नवी मूठ आजच बसवावी. ब्रेक जुळवायचे काम एका संध्याकाळी उरकते. पुढच्या सोमवारी मूल शाळेला निघण्याआधी ते झालेले असू द्या.