हवाई सेवेतील नोकरी : पगार किती, भरवसा किती?

मुंब्र्याहून शिवणकाम करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी पास झाली. जवळच्याच एका खासगी संस्थेने तिला ‘एअर होस्टेस’चा वर्षभराचा कोर्स सुचविला असून फी दीड लाख रुपये आहे. कोर्स संपताच दुबईत दोन लाखांची नोकरी, असे संस्थेचा माणूस सांगतो. फी भरण्यासाठी दुकानातील शिलाईची दोन यंत्रे विकावीत की नाही, एवढाच त्या गृहस्थांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद आणि कोकणातील अनेक घरांत आज मुले-मुली बारावी होत आहेत आणि या नोकरीची जाहिरात जागोजागी दिसते. म्हणून या नोकरीचा हिशेब आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

काम कशाचे?

चहा-नाश्ता देणे हे या कामाचे दिसणारे अंग आहे. कायद्याच्या दृष्टीने विमानात कर्मचारी असतात ते प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. आपल्याकडील नियमानुसार दर ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी लागतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने धावपट्टीवर पेट घेतला. विमानात ३७९ माणसे होती आणि ती सर्व जिवंत बाहेर पडली. ही त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या शिस्तीची कमाई होती. आग, धूर, पाण्यात उतरणे, प्रथमोपचार यांचे शिक्षण कंपनी स्वतः देते आणि त्यात नापास होणाऱ्याला विमानात चढता येत नाही.

पगार कसा बनतो?

आमच्या वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही. कारखान्यात काही पगार बांधलेला असतो आणि उरलेला नगावर मिळतो, तसेच येथे आहे. पहिला भाग मूळ पगाराचा. दुसरा भाग उड्डाणाच्या तासांचा, म्हणजे जितके तास विमानात तितके पैसे. तिसरा भाग परगावी मुक्काम पडला तर जेवणखर्चाचा भत्ता. तेव्हा जाहिरातीतील आकडा हा तिन्हींची बेरीज असतो. आजारपण आले, उड्डाणे कमी झाली किंवा कंपनीने विमाने उभी केली, की दुसरा आणि तिसरा भाग लगेच आटतो. कोणी पगार सांगितला तर पहिला प्रश्न हाच विचारावा की यातला बांधलेला किती?

आपल्या देशात

देशी कंपन्यांत नव्याने रुजू झालेल्याच्या हाती सर्व मिळून साधारणपणे ३५ ते ६० हजार रुपये महिना पडतात. प्रशिक्षणाच्या काळात यापेक्षा बरेच कमी मिळतात. परदेशी मार्गांवर काम मिळाले तर भत्त्यामुळे रक्कम वाढते. मात्र राहण्याची सोय बहुधा स्वतःची असते. मुंबई, दिल्ली, बंगळुरूचे भाडे वजा केले म्हणजे उरते ते मोजावे. शिक्षण बारावी, वय सर्वसाधारणपणे १८ ते २७, ठराविक उंची, आणि इंग्रजी-हिंदी बोलता येणे अशा अटी असतात. मुलांनाही घेतात, पण जागा मुलींसाठी अधिक निघतात.

पूर्वी लग्न, बाळंतपण, वय अशा कारणांनी बायकांना या नोकरीतून काढले जात असे. १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी जाण्याची एअर इंडियाची अट रद्द केली. पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट त्या वेळी न्यायालयाने मान्य केली होती. आजही करारपत्रातील अशी कलमे वाचल्याशिवाय सही करू नये.

आखातात

आपल्या भागाचा आखाताशी संबंध जुना आहे. एमिरेट्स ही कंपनी १९८५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली तेव्हा तिची पहिली उड्डाणे कराची आणि मुंबईलाच होती. या कंपनीच्या अलीकडच्या वर्षांतील भरतीनुसार मूळ पगार साधारण साडेचार ते पाच हजार दिरहम, उड्डाणाचे तासाला साठ ते सत्तर दिरहम, आणि महिन्याला ८० ते १०० तास धरून एकूण दहा-अकरा हजार दिरहम होतात. दिरहम २३-२४ रुपयांचा धरला तर ही रक्कम सव्वादोन ते अडीच लाखांच्या आसपास जाते. तेथे पगारावर आयकर नाही, आणि राहण्याची जागा व विमानतळापर्यंतची गाडी कंपनी देते. म्हणजे संस्थेचा माणूस पगाराचा आकडा खोटा सांगत नाही.

पण उरलेली गोष्ट तो सांगत नाही. वय किमान २१ लागते. उंची किमान १६० सेंटिमीटर आणि टाचा उचलून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचला पाहिजे, कारण वरच्या कप्प्यातील सुरक्षा-सामान काढावे लागते. हॉटेल किंवा ग्राहकसेवेतील वर्षभराचा अनुभव मागतात. इंग्रजी न अडखळता बोलता आले पाहिजे. नेमणूक कराराची असते. अर्ज जगभरातून येतात. अठरा वर्षांच्या मुलीला कोर्स संपताच तेथे नोकरी मिळणे हे वयाच्या अटीतच बसत नाही.

आणखी एक गोष्ट घरात आधी बोलावी. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांत मद्य दिले जाते आणि ते वाटणे हा कामाचा भाग असतो. सौदिया, कुवेत एअरवेज आणि शारजाची एअर अरेबिया यांच्या विमानांत मद्य नसते. आपल्या देशांतर्गत उड्डाणांतही ते दिले जात नाही. गणवेश कंपनीचाच घालावा लागतो. ज्यांना या बाबी महत्त्वाच्या वाटतात त्यांनी कंपनी निवडतानाच विचार करावा. रुजू झाल्यावर तक्रार करून उपयोग होत नाही.

पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे

सिंगापूर एअरलाइन्स भारतातून भरती करते. तेथेही करार मुदतीचा आणि निवड कडक.

अमेरिकेत सरकारी आकडेवारीनुसार २०२४ साली या कामाचा मधला वार्षिक पगार सुमारे ६७ हजार डॉलर होता. पण त्या कंपन्या तेथे काम करण्याचा हक्क असलेल्यांनाच घेतात. युरोपातही तसेच. येथून अर्ज करणाऱ्याला हे दार जवळजवळ बंद आहे. ‘अमेरिकन एअरलाइन्समध्ये लावतो’ असे कोणी म्हणाले, तर तेथूनच उठावे.

तेथील एक तक्रार मात्र कारागिरांना चटकन कळेल. तिकडे वर्षानुवर्षे विमानाचे दार बंद झाल्यावरच मजुरी सुरू होत असे. प्रवासी चढविण्याचा अर्धा-पाऊण तास फुकट. डेल्टा कंपनीने २०२२ मध्ये या वेळेचे अर्धे पैसे देणे सुरू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांनी याच मुख्य मुद्द्यावर संप केला. ताणा जोडण्याची मजुरी न देणारा मालक आमच्या विणकरांना नवा नाही.

नोकऱ्या किती निघतील?

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली. यावरून ‘लाखो नोकऱ्या’ असे सांगितले जाते. आपण व्यापाऱ्याच्या रीतीने मोजू. १८० आसनांच्या विमानात चार कर्मचारी लागतात. विमान दिवसाला बारा तास उडाले तर वर्षाचे ४३८० तास झाले. एका कर्मचाऱ्याला वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, आणि सुट्ट्या धरता तेवढेही होत नाहीत. म्हणजे एका विमानाला पाच तुकड्या, वीस माणसे. हजार विमानांना वीस हजार. मोठ्या विमानांना जास्त लागतील, पण काही नवी विमाने जुन्यांच्या जागी येणार आहेत. शिवाय ही सारी विमाने अनेक वर्षांत येतील. नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या जागाही निघतात. संधी आहे हे खरे. पण साऱ्या देशातून अर्ज येणार आणि वर्षाला काही हजार जागा निघणार, असा हा मामला आहे.

धोका

किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेटची एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि अनेकांना नव्याने नोकरी शोधावी लागली. २०२० च्या साथीत आखातातील मोठ्या कंपन्यांनीही हजारो माणसे कमी केली, आणि पुढे पुन्हा भरती केली. या धंद्यात तेजी आणि मंदी दोन्ही झपाट्याने येतात. पगार चांगला असताना निम्मा बाजूला टाकणारा तरतो.

फी, एजंट आणि फसवणूक

खासगी संस्थेच्या कोर्सचे प्रमाणपत्र ही कोणत्याही मोठ्या कंपनीची अट नाही. निवड झाल्यावर खरे प्रशिक्षण कंपनीच देते. काही देशी कंपन्या त्याचा खर्च किंवा बाँड घेतात, त्याची लेखी माहिती आधी मागावी. मुलाखतीला बोलाविण्यासाठी नामांकित कंपन्या पैसे मागत नाहीत. परदेशी नोकरीसाठी एजंट असेल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेला असावा. त्याचे सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक कर याहून जास्त असता कामा नये, आणि पावती मिळालीच पाहिजे. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर तपासता येते.

आमचा सल्ला

मुंब्र्याच्या आमच्या वाचकांना आमचे उत्तर असे आहे. यंत्रे विकू नका. मुलीची उंची आणि हाताची पोच आज घरीच मोजा. ती अटीत बसत असेल, तर तिला इंग्रजी संभाषणाच्या साध्या वर्गात घाला आणि पदवीला प्रवेश घ्या. देशी कंपन्यांच्या भरतीत ती आताही अर्ज करू शकते. सोबत वर्षभर एखाद्या हॉटेलात किंवा चांगल्या दुकानात काउंटरवर काम करू द्या. तिचा पगारही घरात येईल आणि अनुभवाचा कागदही मिळेल. एकविसाव्या वर्षी ती दुबईच्या मुलाखतीला पदवी, भाषा आणि अनुभव घेऊन जाईल. निवड झाली तर उत्तम. न झाली तरी हातात पदवी असेल, आणि दुकानात दोन्ही यंत्रे चालू असतील.