मिलोपासून मोफत गव्हापर्यंत

सोलापूर भागात सत्तरी ओलांडलेलं कुणी भेटलं की १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघतोच, आणि त्यात मिलो आणि सुकडी हमखास येतात. मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची. सुकडी, म्हणजे कोरडा पिठाळ खाऊ, मिळायची दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना. त्या दुष्काळाने राज्याला रोजगार हमी दिली आणि माणसाचं पोट भरणं सरकारचं काम आहे हे मान्य करायला लावलं. पण पोट भरणं म्हणजे धान्य पुरवणं, ही समजूतही तेव्हापासूनच घट्ट झाली. गेली पन्नास वर्षं गरिबाच्या किराण्याकडे आपण याच नजरेने पाहत आलो, आणि त्याची किंमत बायकांनी आणि पोरांनी मोजली, असं माझं मत आहे.

ऐंशीच्या दशकातली सोलापुरातली गिरणी, यंत्रमाग आणि विडी कामगारांची घरं मी जवळून पाहिली. किराणा वहीवर, तेल पावशेर, पगार झाला की थोडी उधारी फेडायची आणि पुन्हा सामान उचलायचं. ताटात मात्र मालदांडी ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, शेंगांची चटणी आणि कांदा असायचा. मंगळवार बाजारात संध्याकाळी भाव उतरला की पालेभाजीच्या जुड्या घरी यायच्या. अंबाडी आणली तर आई पाला निवडून उकडायची, आंबट पाणी पिळून टाकायची, त्यात मूठभर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि गरगट घोटायची. वरून भरपूर लसणाची फोडणी. धान्य, डाळ आणि पाला एकाच पातेल्यात! ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारीतून मिळतं. हे शास्त्र आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण भाजी रोज या हिशेबानेच होत होती. महिनाअखेरीला डाळीचा डबा रिकामा झाला की हुलग्याच्या शेंगोळ्या व्हायच्या. मटकी रात्री भिजत पडायची, सकाळी फडक्यात बांधली जायची. मोड आले की पावशेर मटकी अख्ख्या घराला पुरायची.

त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. दूध चहापुरतंच असायचं. घरची बाई सगळ्यांच्या मागून, पातेल्यात जे उरेल ते खायची आणि वर्षानुवर्षं अंगात रक्त कमी घेऊन विड्या वळायची.

मग ताट बदलत गेलं. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, काढणीला मजूर मिळेनात, ज्वारीचं रान आक्रसलं. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळत राहिला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रं फार काळ टिकली नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण भाकरी आणि बेसन ही जोडी विचाराने बरोबर होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य हक्काचं झालं, ही मोठीच गोष्ट. पण दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. आमटी पातळ झाली. पुढे भाव उतरले तरी कित्येक घरांत ती पुन्हा दाट झाली नाही. हात आखडता घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनी १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात वरण होतं, भाजी होती. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत शिधा मिळाला: रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. सण गोड झाला, पण चारातली एक चणाडाळ सोडली तर रोजच्या ताटाला त्यातून काय मिळालं? जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. वाढत्या पोराला अंड्याइतकं स्वस्तात दुसरं काय देणार?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरीच्या आहारात रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं हवीत. म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो, चौघांच्या घराला दहा. धान्य फुकट मिळालं तरी ही दहा किलोची खरेदी दुकानातूनच करायची, आणि नेमकी तिथेच काटछाट होते. पोरांच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो. ज्वारी विकत आणायची आणि वर भाकऱ्या थापत बसायचं, यापेक्षा घरात आलेल्या गव्हाच्या चपात्या सोप्या पडतात. दिवसभर कामाला जाणाऱ्या बाईला यावरून बोल लावायचा हक्क कुणालाच नाही.

अजूनही हुलगा, हरभरा तुरीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतात. पालेभाजीवर लिंबू पिळलं आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलला, तर त्याच भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. पण हे सांगताना मला रेशनचा जास्तीचा तांदूळ दुकानात देऊन त्या बदल्यात डाळ-तेल नेणाऱ्या बायका आठवतात. कागदोपत्री तो गैरव्यवहार ठरतो. पण ताटात काय कमी आहे ते या बायकांना नेमकं ठाऊक आहे. रेशनकार्डावर डाळ आली, तर त्यांना हा व्यवहार करावा लागणार नाही.